हिरव्या पुडीची जागा

प्राध्यापक च्वो यांचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या च्वो लाओशींचा, अंधश्रद्धेवर विश्वास नव्हता. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर ठेवलेल्या मक्याच्या कुरकुऱ्यांच्या पुडीकडे ते रोज सकाळी एकदाच बघत, तेही कोटाची बटणं लावता लावता, सहज. पुडी जागेवर दिसली की ते आत जात. नसली तर जिन्यातच उभे राहून कोणाला तरी फोन लावत आणि पुडी जागेवर येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत.

पुडीचे नियम तैवानातल्या या ताइनान गावच्या शेंबड्या पोरालाही पाठ होते. पुडी हिरवीच हवी, म्हणजे नारळाच्या चवीची. हिरवी ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पिवळी ठेवली तर रुसतं. तारीख उलटलेली चालत नाही. कितीही भूक लागली तरी ती खायची नाही. आणि पुडीवर यंत्राचं नाव लिहायचं, म्हणजे सगळा शहाणपणा चुकून शेजारच्या फ्रीजला लागत नाही. बँकेत, इस्पितळात, आगगाडीच्या सिग्नलखोलीत सगळे ठेवत होते, मग विद्यापीठानंच काय घोडं मारलं होतं.

या सूक्ष्मदर्शकाखाली लाओशींची विद्यार्थिनी वेन युन-रू नवजात उंदराच्या कानाच्या आतला, गोगलगाईसारखा भाग पातळ पापुद्र्याच्या रूपात ठेवून त्यातली दारं बघत बसे. दारं म्हणजे अर्धनळ्या. पेशीच्या पटलात अर्धी नळी बसवलेली असते. शेजारच्या पेशीची अर्धी नळी बरोबर समोर आली की दोघींची मिळून एक अख्खी नळी होते आणि वाटीभर साखर मागायला भिंतीपलीकडे हात घालावा तशी देवाणघेवाण सुरू होते. पण जिला समोर कोणी भेटलेलंच नाही, अशी अर्धनळी बाहेरच्या पोकळीकडे तोंड करून नुसती बसून असते. ती उघडी राहिली तर आतला ऐवज बाहेर, बाहेरचं नको ते आत, आणि पेशीचा कारभार आटोपला.

म्हणून निरोगी पेशीचं अर्धं दार बंद असतं. हे वाक्य च्वो लाओशींचं होतं आणि काचेच्या चौकटीत घालून बाहेरच्या व्हरांड्यात लावलेलं होतं. गुदमरलेल्या, मार खाल्लेल्या, मरायला टेकलेल्या पेशींची दारं उघडतात, धडधाकट पेशींची नाही, हे त्यांनी उभ्या कारकिर्दीत इतक्या वेळा दाखवलं होतं, की त्यांच्या गटात नव्या आलेल्या पोरांची खोलीची दारंही आपोआप बंद राहत. दर वर्षी कोणीतरी नवखा विचारायचाच, "लाओशी, बंदच ठेवायची तर निरोगी पेशी ही दारं बनवतेच कशाला?"

"तुझ्या घराला आगीत पळायला मागची खिडकी नाही?" लाओशी विचारत.

नवख्याच्या घराला बहुधा नसे, पण तो गप्प बसे.

युन-रूचं दुखणं वेगळंच होतं. विद्यापीठ कोणालाही पीएचडीसाठी जन्मभर वेळ देत नाही, आणि तिला दिलेला वेळ या सत्राअखेर संपत होता. तोवर तोंडी परीक्षा झाली तर ती डॉक्टर, नाही तर नाव पटावरून कमी. परीक्षेसाठी लाओशींची सही लागे, आणि सहीसाठी पेशींनी नीट वागणं. तिकडे च्याई गावात तिच्या आईनं गल्लीभर आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे शेजारणी तिला फोन करून गुडघ्यांबद्दल विचारायच्या. हा त्यातला डॉक्टर नव्हे हे समजावण्यापेक्षा गरम पाण्यानं शेका म्हणणं सोपं होतं. नाव कमी झालं तर त्या गुडघ्यांना काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न होता.

तसं काळजीचं कारण नव्हतं. तिच्या उंदरांचे कान शहाणे होते. वर्षानुवर्षं अंधार. एक दार उघडलं तरी त्यातून बाहेर पडलेलं एटीपी नावाचं रसायन शेजारच्या पेशींना जाऊन ढोसतं आणि पापुद्र्यात मुरवलेल्या रंगाची ठिणगी उठते. तिच्या पडद्यावर ठिणगी म्हणून नव्हती. प्रबंध म्हणजे एका काळ्या पडद्याचं सविस्तर वर्णन होतं, आणि लाओशी त्यावर खूष होते.

मग सातवा महिना आला.

चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात भुतं सुट्टीवर येतात, म्हणून विभागाच्या अंगणात टेबलं मांडून त्यांना जेवू घातलं. उदबत्त्या लावल्या, फळं मांडली, अननस तेवढा कोणी आणला नाही, कारण अननसानं कामं वाढतात आणि प्रयोगशाळेत त्यापेक्षा वाईट शाप नाही. पूजेनंतर यंत्रांवरच्या जुन्या पुड्या काढून नव्या ठेवायच्या. हे खातं पाओ-चू मावशींकडे होतं. त्या कचेरीतलं सगळं बघत, आणि विभागप्रमुख बदलले तरी त्या बदलत नसत.

"नेहमीच्या पुड्या संपल्या दुकानात," मावशी म्हणाल्या. "सगळ्या गावाला एकदम भक्ती सुचली. ही घे, अख्ख्या घराला पुरेल एवढी."

ही पुडी उशीएवढी होती. जुन्या पुडीची जागा सूक्ष्मदर्शकाच्या उबदार पेटीवर, मागच्या बाजूला, चिकटपट्टीचा चौकोन आखून ठरवलेली होती. उशी त्यात मावेना. दोनदा घसरली. शेवटी युन-रूनं ती डावीकडे उभी केली, यंत्राचं नाव पुढे येईल अशी, आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "या वर्षी जरा सांभाळून घ्या."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर ठिणगी उठली.

युन-रूनं चष्मा पुसला. अजून एक उठली. मग शेजारी एक, मग लांब एक, मग कोपऱ्यातून एक लाट निघाली आणि पापुद्रा पार करून गेली. मग शांतता. मग पुन्हा.

"शुएजिए, तुझे उंदीर फटाके उडवतायत," मागून आ-श्येन म्हणाला. तो तिच्या मागच्या तुकडीतला, म्हणून तिला शुएजिए, म्हणजे वरच्या वर्गातली ताई म्हणणारा, दुधाच्या चहातले साबुदाणे चघळत काम करणारा.

"निरोगी आहेत ना हे?"

"सकाळी तरी होते. एकानं माझं बोट चावलं."

"मग दारं का उघडतायत?"

आ-श्येननं पुडीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "तू ठेवलीस?"

"मी ठेवली."

"मनात काही वाईट होतं का?"

"लाओशींबद्दल होतं थोडं."

"मग झालं."

आठवड्याच्या बैठकीत तिनं ठिणग्या दाखवल्या. च्वो लाओशींनी त्या शेवटपर्यंत पाहिल्या, कोणाच्या लग्नाची चित्रफीत पाहावी तशा.

"आजारी आहेत," ते म्हणाले.

"कोण?"

"तुझ्या पेशी. मरायला टेकल्यात. निरोगी पेशीचं अर्धं दार बंद असतं."

"मेल्या नाहीत, लाओशी. मी दुपारपर्यंत बघत बसले. दार उघडतं, चिमूटभर एटीपी टाकतं आणि मिटतं. शेजारच्या पेशी जाग्या होतात, त्या पुढे मज्जातंतूला कळवतात. या उंदरांचे कान अजून बाहेरून बंद आहेत, त्यांना काही ऐकू येत नाही. ही ऐकायच्या आधीची तालीम वाटते मला. म्हणजे दार बिघडल्यामुळे उघडत नाहीये, ते कामासाठी—"

"तालीम," लाओशी म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या चहात पाहिलं. "पेशी काय देवळातला ऑपेरा करतायत? पाओ-चू बाईंना विचार, पुडीची तारीख उलटली नाही ना."

लगेच म्हणाले, "गंमत केली."

पण दुपारी मावशी भिंग घेऊन आल्या. त्यांनी तारीख तपासली, रंग तपासला, नारळाचं चित्र तपासलं आणि नाव योग्य यंत्राचं आहे का तेही वाचून घेतलं. "पुडीत दोष नाही," त्या म्हणाल्या. "पण पोरी, तू ती जागेवर का नाही ठेवलीस?"

"मावत नाही."

"जागा ती जागा. यंत्र आलं त्या दिवशी खुद्द लाओशींनी पहिली पुडी तिथं ठेवली. पट्टी त्यांनीच लावली. तेव्हापासून कोणी हलवलेली नाही."

मावशींनी पुडी दाबून, मुरगाळून, कशीबशी चौकोनात बसवली. अर्ध्या तासात पडद्यावर अंधार झाला.

"बघ," मावशी म्हणाल्या आणि भिंग बंद करून गेल्या.

युन-रू अंधाराकडे बघत राहिली. आ-श्येन म्हणाला, देवाचे आभार मान आणि प्रबंध छापायला दे. हा सल्ला चांगला होता. तिनं तो मानला असता, पण पुडी फुगून थरथरत होती. वारा नसलेल्या खोलीत पुडी का थरथरते, म्हणून तिनं ती उचलली, आणि खालून गरम हवेचा झोत तिच्या तळहातावर आला.

चौकोनाच्या खाली झरोका होता. यंत्रातली गरम हवा त्यातून वर येऊन पेटीत वळायची आणि कानाच्या पापुद्र्याला उबेत ठेवायची. पुडी त्यावर बूच बसावं तशी बसत होती. तापमान दाखवणारा काटा झरोक्याच्या तोंडाशीच असल्यामुळे तो इमानेइतबारे सदतीस दाखवी. पापुद्रा मात्र खोलीतल्या एसीच्या गारठ्यात कुडकुडत असे, आणि लाओशींना एसी आवडे. आजारी पेशींची दारं थंडीतही उघडायची, त्यामुळे कधी कोणाला शंका आली नव्हती. निरोगी पेशी गारठून दारं लावून बसायच्या, आणि बाहेर चौकट टांगली जायची.

तिनं पुडी काढली. ऊब आली, ठिणग्या उठल्या. ठेवली. अंधार. काढली. ठेवली. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली तेव्हा ती अजून काढत होती आणि ठेवत होती, आणि तिला हे स्पष्ट दिसत होतं की पुडी तिथंच ठेवली तर ती डॉक्टर होणार आहे.

सकाळी ती लाओशींच्या खोलीत गेली.

"लाओशी, ते पुडीमुळे होतंय."

"काय?"

"यंत्रावरच्या पुडीमुळे दारं बंद राहतात."

लाओशींनी पेन खाली ठेवलं. "वेन युन-रू," पूर्ण नावानं हाक म्हणजे खुर्चीत सावरून बसायचं, "तू शास्त्र शिकतेस ना?"

"हो."

"आणि कुरकुऱ्यांच्या पुडीमुळे पेशी वागतात, असं मला सांगायला आलीस."

"पुडी झरोक्यावर बसते. गरम हवा आत जात नाही. मी पापुद्र्याशेजारी वेगळा थर्मामीटर लावला. गार असतो तो. काटा चुकीच्या जागी आहे."

"याला अंधश्रद्धा म्हणतात."

"नाही लाओशी, याला झरोका म्हणतात."

"आज पुडी, उद्या म्हणशील माझ्या चपलांचा रंग. या प्रयोगशाळेत असल्या गोष्टींना थारा नाही."

"मग पुडी काढून टाकते."

लाओशी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर स्कूटरींची रांग होती, तीत बघण्यासारखं काही नव्हतं. "काढायची कशाला," ते म्हणाले. "असू दे. तिचा कोणाला काय त्रास आहे."

युन-रू उठली नाही. उठून, वाकून, जुनाच प्रबंध छापायला द्यायला हवा होता. तिचे पायही तयार होते. पण डोळ्यांसमोर ती लाट पुन्हा पुन्हा पापुद्रा पार करत होती. "मी दारं उघडतात असं लिहिणार आहे," ती म्हणाली, आणि हे आपणच बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "मी पाहिलंय."

लाओशींनी खाली ठेवलेलं पेन उचललं. मग त्यांना एक न्याय्य कल्पना सुचली. न्याय्य कल्पना सुचली की त्यांचा चेहरा मऊ व्हायचा, आणि विद्यार्थ्यांना तेव्हाच जास्त भीती वाटायची.

"परीक्षा सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतच घेऊ. बाहेरच्या परीक्षकांसमोर जिवंत पापुद्रा ठेव. दारं उघडली तर मी सही करतो. नाही उघडली तर पुन्हा सुरुवात कर."

"पुन्हा करायला वेळ नाहीये, लाओशी."

"म्हणूनच नीट कर. आणि खोलीत सगळं नेहमीसारखं असू दे. काहीही हलवायचं नाही."

परीक्षेच्या दिवशी ती खोलीत आली तेव्हा चौकोनात नेहमीच्या आकाराची नवीकोरी हिरवी पुडी होती. नाव लाओशींच्या अक्षरात. मावशींनी शपथ घेतली की आपण ठेवली नाही. आ-श्येन म्हणाला, "शुएजिए, सकाळी ते जिन्यात फोनवर नव्हते. सरळ आत गेले."

"मी हळूच सरकवू?"

"ते पुडीशेजारीच बसलेत."

खरंच बसले होते. दरवाज्यावरचा रखवालदार बसावा तसे. सगळ्यांसमोर ती पुडी हलवणं म्हणजे लाओशींनी मुद्दाम ठेवली असं सगळ्यांसमोर म्हणणं, आणि असं काही म्हणायची पद्धत नव्हती. त्यापेक्षा पीएचडी न होणं शिष्टाचाराला धरून होतं.

तीन परीक्षक होते. दोघं भिडस्त. तिसऱ्या तैपेईहून आलेल्या श्युए लाओशी, केस पांढरे, आवाज फाटका, या विषयातल्या सगळ्यांत जुन्या. पहाटेची गाडी पकडायच्या नादात त्या उपाशी आल्या होत्या, आणि परीक्षकांसाठी मागवलेले खाऊचे डबे कोणीतरी चुकून रसायनशास्त्रात पोचते केले होते. रसायनशास्त्रात त्या दिवशी कोणाचीच परीक्षा नव्हती, पण डबे परत आले नाहीत.

युन-रू बोलली. घसा कोरडा पडेपर्यंत बोलली. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं.

अंधार.

"थांबू या थोडं," एक भिडस्त म्हणाला.

थांबले. अंधार. एसी गुरगुरत होता. च्वो लाओशी पडद्याकडे बघत नव्हते, हातातल्या पेनाच्या टोपणाकडे बघत होते, आणि त्यात त्यांना आनंद होत होता असं काही दिसत नव्हतं.

"मी जवळून बघते," श्युए लाओशी म्हणाल्या आणि उठून यंत्रापाशी आल्या. भिंगातून पाहिलं. "काही नाही गं पोरी." मग मान वर केली आणि त्यांची नजर पुडीवर पडली. चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "अय्या, नारळाची."

आणि त्यांनी पुडी उचलून फाडली.

पुडी फाटल्याचा आवाज खोलीत फार मोठा झाला. दारात मावशींनी भिंतीचा आधार घेतला. आ-श्येनच्या नळीत साबुदाणा अडकून राहिला. च्वो लाओशी अर्धे उठले, तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. कारण आता म्हणायचं काय? ती खाऊ नका, यंत्र रुसेल? आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगून झालं होतं.

"घ्या ना," श्युए लाओशींनी पुडी त्यांच्यापुढे धरली. नकार देणं उद्धटपणाचं. च्वो लाओशींनी एक कुरकुरा घेतला आणि औषध घ्यावं तसा चावला.

श्युए लाओशी खात राहिल्या. झरोक्यातून हवा येत राहिली. युन-रू मनात अंश मोजत होती.

पहिली ठिणगी उठली तेव्हा श्युए लाओशींच्या तोंडात घास होता. "हे काय?"

दुसरी. तिसरी. मग कोपऱ्यातून लाट.

"तालीम आहे," युन-रू म्हणाली. "कान उघडायच्या आधीची. निरोगी पेशी आहेत. दार उघडतं, सांगायचं ते सांगतं आणि मिटतं."

श्युए लाओशी उभ्या उभ्या बघत राहिल्या. बोटं चाटायचंही विसरल्या. "मला हे तुझ्या वयात दिसायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग च्वो लाओशींकडे वळल्या. "तुम्ही काय म्हणता?"

सगळे वळले. च्वो लाओशींच्या ओठांवर कुरकुऱ्याचा चुरा होता. त्यांनी पडद्यावर एक अख्खी लाट जाऊ दिली, मग दुसरी.

"सुंदर आहे," ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.

सुधारणा एकच सुचवली गेली. प्रयोगाच्या वेळची परिस्थिती प्रबंधात तंतोतंत लिहावी. त्यामुळे पद्धतींच्या प्रकरणात पापुद्र्याचं तापमान, द्रावणाचं मिश्रण आणि 'यंत्रावर पुडी नव्हती' असं एक वाक्य आलं. मावशींनी ते अर्धसत्य आहे म्हणून परत पाठवलं. आता तिथं 'यंत्रावरील पुडी परीक्षकांनी खाल्ली' असं आहे.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडलं. हे सांगायला नको वाटतं, पण पडलं. दिवा लागेना, पडदा उजळेना. दुरुस्तीवाल्यानं झाकण काढायच्या आधीच विचारलं, "पुडी कुठंय?" सगळ्यांनी रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. व्हरांड्यातल्या चौकटीवर कोणीतरी 'निरोगी पेशीचं अर्धं दार' एवढं ठेवून पुढच्या शब्दांवर कोरा कागद चिकटवला होता, आणि लाओशींनी तो काढला नव्हता.

च्वो लाओशी खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरवी पुडी घेऊन आले. तारीख पाहिली. यंत्राचं नाव लिहिलं. पेटीपाशी गेले, पुडी चौकोनावर नेली, आणि हात तिथंच थांबला. मग त्यांनी मागे पाहिलं. युन-रू आपलं टेबल रिकामं करत होती.

"कुठं ठेवू, डॉक्टर वेन?" त्यांनी विचारलं.

तिनं मान तिरकी करून झरोक्याचा अंदाज घेतला.

"थोडी डावीकडे, लाओशी."